शुश्रूषेस सोवळे नाही
(१० मार्च रोजी सावित्रीबाई फुले यांच्या स्मृतिदिनी झालेले भाषण)



सावित्रीबाईंस आपण शिक्षिका म्हणून वंदन करतो. आज आम्ही त्यांची आठवण रोग्यांची शुश्रूषा करणारी माउली म्हणून काढणार आहों. १८६३ साली जोतीरावांनी व त्यांनी पुण्यात बालहत्याप्रतिबंधक गृह काढले. फसविल्या गेलेल्या विधवांची बाळंतपणे तेथे होत. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत यास या दांपत्याने आपला मानून वाढविले. तो पुढे डॉक्टर झाला. पदरात घेतलेल्या लेकराची जात ज्यांनी पाहिली नाही, त्या रोग्याची काय पाहणार!

१८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले. सख्खे आप्तही रोग्याजवळ जाईनात. तेव्हा हडपसरनजीक ससाण्यांच्या माळावर यशवंतरावांनी दवाखाना उघडला. सावित्रीबाईंचे वय ६६. आजीने नातवंडांस मांडीवर घेऊन बसावे असे ते वय. पण मुंढव्याच्या महारवाड्यातील एक आजारी पोर त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्याच सेवेत प्लेगने त्यांस गाठले व १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

२०२० सालच्या साथीत आपण परिचारिकांसाठी थाळ्या वाजविल्या, आणि कित्येक ठिकाणी त्यांसच भाड्याची खोली खाली करावयास सांगितले! या थाळ्यांचा काय उपयोग? रोग्याचे मलमूत्र काढणाऱ्या बाईस आपल्या ओसरीवर बरोबरीची जागा द्या, तिच्या कामाचे पुरते दाम द्या; मगच सावित्रीबाईंच्या तसबिरीस हार घाला.