फोन बदलावा केव्हा?

सुरतेच्या लिंबायत-उधना भागात यंत्रमागावर राबणारे आपले खानदेशी बांधव आता गावी पैसे धाडतात ते खिशातल्या फोनवरून. म्हणून जुना फोन ठेवावा की नवा घ्यावा, हा प्रश्न निव्वळ हौसेचा उरलेला नाही. बॅटरी लवकर उतरते एवढ्यासाठी फोन टाकणे मला उधळेपणाचे वाटते. बॅटरी झिजायचीच, ती बदलता येते. कॅमेऱ्याच्या मोहाविषयी तर बोलायलाच नको! परंतु कंपनीने सुरक्षेच्या सुधारणा पाठविणे थांबविले, की ती उणीव कोणताही दुकानदार भरून देऊ शकत नाही. गूगलने २०२३ साली पिक्सेल ८ या महागड्या फोनासाठी सात वर्षांची हमी दिली. स्वस्त फोनांना एवढे आयुष्य क्वचितच लाभते. शेवटच्या सुधारणेची तारीख फोनाच्या सेटिंग्जमध्येच असते. ती दोन-तीन वर्षांपूर्वीची निघाली, तर त्यावरचा बँकेचा व्यवहार आधी बंद करावा. फोन मग खुशाल गाण्यांसाठी ठेवावा.