निकालाच्या दिवशी कोणाचं नाव घ्यायचं?

आज आम्ही शाळेवर बोलणार आहोत. बचत गटाच्या बायांचं शाळेत काय काम, असं कोणी विचारलं तर त्यांना दशसूत्री म्हणून दाखवा. पहिली पाच सूत्रं बैठक, बचत, कर्ज, परतफेड आणि वह्या यांची. ती आपल्याला झोपेतही पाठ असतात. पुढच्या पाचांत आरोग्य आहे, शिक्षण आहे, पंचायतीतला सहभाग आहे. ती म्हणताना आवाज जरा बारीक होतो, एवढंच.

तर गावची बातमी अशी. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेचा निकाल 1 मेला लागला. सकाळी झेंडावंदन झालं आणि तिथंच लिंबाखाली प्रगतिपुस्तकं वाटली. पहिली ते पाचवीची 52 लेकरं आणि दोन शिक्षक. पाचवीची नऊ लेकरं शाळेतून बाहेर पडली, त्यांत पाच मुली. सगळी पास झाली. हे मुद्दाम सांगतोय, कारण आता पाचवीला वार्षिक परीक्षा असते. तीत कमी पडलं तर पुन्हा परीक्षा घेतात, आणि तीही सुटली नाही तर त्याच वर्गात बसावं लागतं. "आठवीपर्यंत कोणी नापास होत नाही" असं पारावर अजून बोललं जातं. पाचवी आणि आठवीपुरतं ते आता खरं राहिलेलं नाही.

खरं बोलायचं आहे ते बक्षिसांबद्दल. दरवर्षी मार्चमध्ये मुख्याध्यापक सर ग्रामसंघाकडे येतात, बक्षिसांना हातभार लावा म्हणतात. यादी ठरलेली असायची. वर्गात पहिला, दुसरा, तिसरा, आणि सगळ्यात जास्त हजेरीचं एक. कंपासपेटी, पाण्याची बाटली, वह्या. यंदाही सर आले, यादी वाचली, आणि मागं बसलेली एक आजी बोलली. तिची सून आमच्या गटात आहे, पण सून ऊसतोडीला गेल्यामुळं बैठकीला आजी येते. ती म्हणाली, "दोन नातवं माझ्यापाशी राहिली, त्यांचं नाव कधीतरी येईल. दोन कोपीवर गेली. त्यांचं नाव ह्या यादीत कोणत्या जन्मी यायचं?"

बैठक गप्प झाली. डोंगरपट्ट्यातल्या कोणालाच हे समजावून सांगायला नको. दसरा-दिवाळीला ट्रक आणि ट्रॅक्टर भरून निम्मं गाव सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाकडे जातं, ते पट्टा पडल्यावरच परत येतं. कायद्यानं पहिली ते पाचवीची शाळा वर्षाला किमान 200 दिवस भरली पाहिजे. त्यातले निम्म्याच्या आसपास दिवस तोडीच्या हंगामात पडतात. म्हणजे कोयत्याबरोबर गेलेल्या लेकराला हजेरीचं बक्षीस मिळणं शक्यच नाही, आणि पहिल्या तीन नंबरांचंही तसंच.

नंबरावरून सरांनी एक गोष्ट सांगितली ती आमच्यातल्या बऱ्याच जणींना नवीन होती. प्राथमिक शाळेच्या प्रगतिपुस्तकात नंबर नसतोच. 2010 पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण मूल्यमापन आहे. त्यात अ-1, अ-2, ब-1 अशा श्रेणी देतात. नंबर आपणच घरी येऊन लावतो, "शेजारच्यापेक्षा वर की खाली" म्हणून. आणि श्रेणीच्या पलीकडं ज्या नोंदी असतात, विशेष प्रगती, आवड आणि छंद, सुधारणा आवश्यक, त्या कोणी वाचत नाही. आम्ही त्याच बैठकीत मागच्या सत्राची चार प्रगतिपुस्तकं उघडून मोठ्यानं वाचली. एकाच्या नोंदीत होतं, "गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगतो." त्याची आई म्हणाली, "घरी तर तोंड उघडत नाही." एकीच्या नोंदीत "हातच्याच्या वजाबाकीत सराव हवा" असं होतं, आणि तिची आई आमच्याच गटाची हिशेबनीस! मैत्रिणींनो, प्रगतिपुस्तकावर सही करण्याआधी, अंगठा उठवण्याआधी ती नोंद वाचून घ्या. वाचता येत नसेल तर लेकराकडूनच वाचून घ्या.

मग वाद झाला, आणि चांगला झाला. काही जणी म्हणाल्या, हजेरीचं बक्षीस काढूनच टाकू. त्यावर एक आई उसळली. "माझं पोरगं पावसात ओढा ओलांडून रोज गेलं. त्याचं बक्षीस का काढता? दुसऱ्याच्या लेकराला द्यायचं तर द्या, माझ्याचं घेऊन कशाला देता?" तिचं म्हणणं आम्हाला पटलं. ते बक्षीस तसंच ठेवलं. बदल एवढाच केला की परगावच्या शाळेत बसलेले दिवसही मोजायचे.

ते मोजता येतात, हे पुष्कळ घरांत माहीत नाही. लेकरू मध्येच गाव सोडून निघालं की मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी पत्रक घ्यायचं. त्यावर लेकरू कोणत्या वर्गात आहे, त्याला काय येतं हे लिहिलेलं असतं. कारखान्याजवळच्या शाळेत ते दाखवलं की तिथं लेकराला वर्गात बसवून घ्यावं लागतं. येताना तिथली नोंद घेऊन यायची. आम्ही सरांसोबत बसून सगळी पत्रकं लावली. शाळेतली 14 लेकरं यंदा तोडीवर गेली होती. त्यांतली सहा जण तिकडच्या शाळेत बसली. एका तिसरीच्या मुलाचे इकडचे आणि तिकडचे दिवस मिळवले तर तो गावात राहिलेल्या कितीतरी लेकरांच्या पुढं निघाला. उरलेल्या आठ जणांची कारणं अशी होती: शाळा फडापासून लांब, कोपी दर पंधरा दिवसांनी हलणारी, किंवा घरात तान्हं बाळ.

त्या आठांत चौथीतली एक मुलगी आहे. तिच्याबद्दल बैठकीत सगळ्यात जास्त बोलणं झालं. ती तिकडच्या शाळेत तीन आठवडे बसली, मग धाकट्या भावाला सांभाळायला कोपीवर राहिली. एप्रिलमध्ये परत आली तेव्हा तिच्याजवळ एक वही होती. काट्यावरच्या वजनाच्या पावत्या पाहून तिनं प्रत्येक खेपेची तारीख आणि वजन लिहून ठेवलं होतं. सात टन 460 किलो, आठ टन 85 किलो, असं पानंच्या पानं. खाली बेरीज. हजार किलो झाले की एक टन पुढं न्यायचा, हे तिला कोणी फळ्यावर शिकवलं नव्हतं. बापानं मुकादमाशी हिशेब केला तो तिची वही समोर ठेवून. सरांनी वही पाहिली आणि तिची परीक्षा घेतली. वाचन मागं पडलेलं, गणितात मात्र वर्गात तिला तोड नाही. विशेष प्रगतीच्या नोंदीत सरांनी हे लिहिलं.

आम्ही म्हणालो, हिचं नाव घ्यायचंच. पण आमच्यातलीच एक, जी स्वतः लहानपणी दहा हंगाम फडात राहिली आहे, ती म्हणाली, "सांभाळून. लेकरू शाळा सोडून कामाला लागलं आणि आपण टाळ्या वाजवल्या, असं व्हायला नको. माझ्याही आईला लोक म्हणायचे, पोरगी किती कामाची." यावर एकमत व्हायला दोन बैठका लागल्या. शेवटी ठरलं की बेरजेसाठी नाव घ्यायचं, बाळ सांभाळल्याबद्दल एक शब्दही बोलायचा नाही, आणि त्याच दिवशी तिच्या आईबापाशी पुढच्या हंगामाचं बोलायचं.

निकालाच्या दिवशी 52 लेकरांची नावं घेतली, प्रत्येकाबद्दल एक वाक्य. सरांनी आणि मॅडमनी ती वाक्यं आठवडाभर बसून लिहिली होती. "पहिलीत रडत यायची, आता धाकट्यांना हाताला धरून आणते." "वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न विचारतो." तासभर लागला. त्यामुळं पाहुण्यांची भाषणं पाच मिनिटांत आटोपावी लागली, आणि त्याबद्दल कोणी तक्रार केल्याचं आमच्या कानावर नाही. बक्षीस सगळ्यांना सारखंच, गोष्टीचं एक पातळ पुस्तक आणि एक वही. हजेरीच्या दोघांना शिवाय कंपासपेटी, एक ओढा ओलांडून येणाऱ्याला, एक त्या तिसरीतल्या मुलाला. चौथीतल्या मुलीचं नाव आलं तेव्हा तिचा बाप मागं उभा होता, त्यानं टोपी काढली. काही जणांना मात्र हे आवडलं नाही. "सगळ्यांनाच बक्षीस, मग हुशारांनी काय करायचं?" असं दोन पालकांनी तोंडावर विचारलं. त्यांचं समाधान आम्हाला करता आलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा विचार करू, असं सांगितलं आहे.

त्याच दिवशी पाच आज्यांचाही मान केला. नातवंडांना जवळ ठेवून, भाकरी करून घालून ज्यांनी शाळा चालू ठेवली त्या ह्या आज्या. आधी कोणी म्हणालं, खणानारळानं ओटी भरू. पाचांतल्या तिघी विधवा आहेत, मग त्या कोपऱ्यात बसणार. म्हणून ओटी नाहीच. प्रत्येकीला स्टीलचा एक तांब्या दिला, त्यावर तिचं स्वतःचं नाव कोरून. एक आजी म्हणाली, "भांड्यावर आजवर सासऱ्याचं नाव पाहिलं, मालकाचं पाहिलं." पुढं काही न बोलता तिनं तांब्या पदराखाली घेतला.

आता पुढचं. गावात हंगामी वसतिगृह असलं तर तोडीवर जाणाऱ्यांची लेकरं गावातच राहतात, जेवणाची सोय शासन करतं आणि शाळा व्यवस्थापन समिती ती चालवते. पण नावं स्थलांतराच्या आधी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच द्यावी लागतात. यंदा आमच्याकडची मंजुरी उशिरा आली, तोवर ट्रक निघून गेले होते. म्हणून या वेळी समितीच्या ऑगस्टच्याच बैठकीत यादी करायची असं ठरलं आहे. त्या समितीत कायद्यानं चारांतले तीन सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या बाया. कागदावर आमच्याकडेही निम्म्या आहेत. बैठक दुपारी चारला असायची तेव्हा तिघीच यायच्या, कारण बाकीच्या रानात. आता ती संध्याकाळी सातला होते.

आणि पाचवीतून बाहेर पडलेल्या पाच मुली. सहावीची शाळा चार किलोमीटरवर आहे. पाचही जणींचे दाखले आम्ही 1 मेलाच हातात घेतले. दाखला मागितला की मुख्याध्यापकांनी तो लगेच द्यायचा असतो. आणि दाखला यायला उशीर झाला तरी नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. हे शिक्षण हक्क कायद्यात आहे, कोणी अडवलं तर तसं सांगा. ग्रामीण मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची ती योजना आहे. पाचांतल्या तिघी बसनं जाणार आहेत. चौथी कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयात राहायला जाणार आहे, तिथं सहावीपासून मुलींची राहण्या-जेवणाची सोय असते.

पाचवीचं अजून ठरलेलं नाही. घरी म्हातारी आहे, तिचे गुडघे गेलेत, ती म्हणते मला एकटीला पोरगी सांभाळणं होत नाही. मुकादम पावसाळ्यातच उचल घेऊन दारात येतो, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरला तरी भाकरी थापायला, धाकट्याला बघायला अकरा वर्षांची मुलगी हवीच असते. त्या घराला आम्ही दोन गोष्टी सुचवल्या आहेत. म्हातारीच्या किराण्यासाठी ग्रामसंघाच्या जोखीम निधीतून रक्कम द्यायची, तिची फेड हंगाम संपल्यावर. आणि रात्री मुलीनं आमच्या गटातल्या एकीच्या घरी झोपायला यायचं. आई तयार आहे. बाप म्हणतो, विचार करून सांगतो. येत्या मंगळवारी आमच्या गटाची बैठक त्यांच्याच ओसरीवर ठेवली आहे. शाळा 16 जूनच्या सुमारास उघडेल. काय झालं ते जूनच्या कार्यक्रमात सांगू. तोवर तुमच्या गावात निकालाच्या दिवशी कोणाकोणाची नावं घेतली, ते आम्हाला रेडिओ केंद्राच्या पत्त्यावर लिहून कळवा.