पाकोळ्यांच्या दारात

श्रोतेहो, मे महिन्यात मालवण-निवतीकडे निघालेली मंडळी हटकून विचारतात, "डॉल्फिन दिसतील ना?" दिसतील हो. सकाळी लवकर निघा, म्हणजे झालं. होडीवाल्याला त्यांच्यामागे पळायला मात्र लावू नका.

मला बोलायचंय ते त्याच्याही पुढचं. निवतीसमोर भर समुद्रात वेंगुर्ला रॉक्स आहेत. त्यातल्या बर्न्ट आयलंडच्या गुहेत भारतीय पाकोळी घरटी करते. मुठीत मावेल एवढा करडा पक्षी. काळोखात टक्‌टक्‌ आवाज काढतो आणि प्रतिध्वनीवरून कातळाचा अंदाज घेतो. स्वतःच्या लाळेनं कातळाला घरटं चिकटवतो. या कामाला कित्येक आठवडे लागतात. पूर्व आशियात या घरट्यांचं सूप करतात, म्हणून ती खरवडून नेणारे इथवर पोचले. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं तो प्रकार उजेडात आणला, राखणही केली. घरटं गेलं की पाकोळीला पुन्हा लाळ गाळत बसावं लागतं.

आता सांगा, घरात बाळंतीण असली तर आपण कसे वागतो? पाय न वाजवता जातो. बाळाच्या तोंडावर उजेड पाडत नाही. घोळका आलाच तर आजी दारातच अडवते, "सव्वा महिन्यानं या!" मार्च ते मे ही गुहा म्हणजे बाळंतिणींची खोलीच, आणि दारात आजी नाही. ते आजीपण तुम्हाला करायचंय. गुहेत शिरू नका, टॉर्च मारू नका, फटाफट फोटो काढू नका.

पुन्हा सांगते, कारण हेच विसरलं जातं: होडीतून उतरायचं नाही! "पाच मिनिटं फक्त" असंही नाही. दुर्बीण न्या. नशीब असेल तर समुद्री गरुडही दिसेल.

सुरय पक्ष्यांचं राहिलंच. पक्षीअभ्यासक हुमायून अब्दुलालींनी १९४० च्या दशकात इथल्या सुरयांवर आणि पाकोळ्यांवर लिहून ठेवलंय. सुरय उघड्या कातळावर अंडी घालतात. माणूस चढला की सगळा थवा उठतो, अंडी उन्हात तापतात आणि मग... काचेपलीकडून खूण होतेय, वेळ संपली.

होडी ठरवतानाच तांडेलांना सांगा, "काका, होडी लांबच उभी करा. आम्ही उतरणार नाही."