भिंती पाडल्या, मने जुळली काय?



कचेरीतल्या भिंती पाडल्या की माणसे एकदिलाने काम करू लागतात, असे मालकवर्ग सांगतो. कल्पना जुनीच. १९५०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत हॅम्बुर्गजवळच्या श्नेले बंधूंनी खोल्यांऐवजी एकच मोठे दालन, त्यात मोकळी मांडलेली मेजे व झाडांच्या कुंड्या, अशी रचना पुढे आणली. हेतू चांगला होता: कामाच्या ओघात माणसांची गाठभेट सुलभ व्हावी.

अनुभव काय आला? बर्नस्टीन व टर्बन या अभ्यासकांनी दोन बड्या कंपन्यांच्या कचेऱ्या भिंती काढण्यापूर्वी व नंतर तपासल्या आणि २०१८ साली निष्कर्ष मांडले. समोरासमोरचे बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटले होते. ई-मेल वाढले होते. आम्हांस नवल वाटले नाही. दहा कान टवकारलेले असताना आपली अडचण शेजाऱ्याला कोण सांगेल? साहेबाची नजर पाठीवर असली की माणूस मान खाली घालून कामात गढल्याचे दाखवतो. आणि रोज सकाळी नवे मेज शोधायचे, तर शेजारी तरी कोणाला म्हणायचे?

म्हणून आमचा खरा प्रश्न अधिकाराचा आहे. कामाच्या जागेची आखणी करताना कामगारांनी निवडलेल्या मंडळाशी मालकाने विचारविनिमय करावा, असे जर्मनीच्या १९७२च्या कायद्याने ठरवले. आपणही तेच मागू. नकाशा कागदावर आहे तोवरच कारकुनाला विचारा. नंतर भिंत पाडणेही महाग, बांधणेही महाग!