सवलत कुणाच्या नावावर?

(उल्हासनगर कॅम्प १ मधील महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



गाडीच्या विम्यावर बोलणार म्हटल्यावर काही जणींना वाटलं, हा काय बायकांच्या बैठकीचा विषय? पण आज आपल्यातल्या कितीतरी जणी गाडी चालवतात. कुणी सासूबाईंना दवाखान्यात नेते, कुणी धंद्याचा माल आणते. गाडीला धक्का लागला की मात्र निर्णय घरातला पुरुष घेतो. ‘तुला त्यातलं काय कळतं?’ हे वाक्य बँकेच्या पासबुकापासून गाडीच्या बंपरपर्यंत आपला पिच्छा सोडत नाही. म्हणून हा विषय आपलाच आहे.

माझंच उदाहरण सांगते. शहाडच्या पुलावर गर्दीत एक टेम्पो माझ्या गाडीला मागून घासला. कुणाला लागलं नाही. बंपर चिरला, रंग गेला. गॅरेजवाला म्हणाला, “साहेबांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो.” गाडी माझ्या नावावर, हप्ता मी भरते, आणि बोलणार साहेबांशी! मग त्याने क्लेमचा कोरा फॉर्म पुढे केला. “सही करा, जुने ओरखडेही यातच बसवून टाकू.” मी सही केली नाही. खोट्या क्लेमचा जाब सही करणारीलाच द्यावा लागतो. मी खर्चाचा अंदाज लेखी मागितला आणि घरी येऊन कागद-पेन्सिल घेऊन बसले.

नवा बंपर ५,००० रुपये, रंग आणि मजुरी ३,०००, एकूण ८,०००. विमा कंपनी सगळे देत नाही. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, म्हणजे २,५०० गेले. १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला प्रत्येक क्लेममागे पहिले १,००० रुपये आपणच सोसायचे असतात. रंगाच्या सामानावरही थोडी कपात होते. हातात येणार साडेचार हजारांच्या आत.

आता दुसरी बाजू. क्लेम न केलेल्या वर्षांसाठी हप्त्यात सवलत मिळते, तिला नो क्लेम बोनस म्हणतात. ती २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के अशी चढत जाते. एक क्लेम केला की पुन्हा शून्यावर. ही सवलत फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी भरतो त्या हप्त्यावर असते. माझा तो हप्ता सवलतीआधी ६,००० होता आणि मी ३५ टक्क्यांवर होते. हप्ता तेवढाच धरला, तर क्लेम केल्यावर पुढच्या वर्षी २,७०० जास्त भरावे लागणार. त्यानंतरच्या वर्षांत १,८००, १,५००, ९०० आणि ३००. एकूण ७,२००. साडेचार हजारांसाठी सात हजार घालवायचे?

शिवाय बंपर नवाच हवा असंही नाही. निर्वासितांच्या छावणीतून उभं राहिलेलं हे गाव हातच्या कारागिरीवर जगलं. कॅम्पातल्या एका डेंटरने तोच बंपर तापवून, सांधून, रंगवून २,५०० रुपयांत दिला. पण आधी मी बंपर उतरवून आत काही वाकलंय का ते पाहून घेतलं. आत मोठं नुकसान निघालं असतं, तर तिथेच काम थांबवून कंपनीला कळवलं असतं. सर्व्हेअरने पाहण्याआधी दुरुस्ती केली तर क्लेम अडकतो.

म्हणजे क्लेम कधीच करू नये असं नाही. खर्च मोठा असेल तर जरूर करा, हप्ता त्यासाठीच भरतो. ‘झीरो डेप’ पॉलिसी असेल तर घसारा कापत नाहीत, तेव्हा हिशेब नव्याने मांडा. आणि कुणाला इजा झाली असेल, तर रस्त्यावर पैसे देऊन मिटवू नका. जखमीला उपचार मिळवून देणं, पोलिसांना आणि विमा कंपनीला कळवणं ही १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार चालकाची जबाबदारी आहे.

आता मुख्य मुद्दा. नो क्लेम बोनस गाडीला मिळत नाही, विमाधारकाला मिळतो. नवऱ्याच्या नावावरची गाडी तुम्ही पाच वर्षं जपून चालवलीत, तर ५० टक्के सवलत त्याच्या नावावर जमा होते. उद्या वेगळं व्हायची वेळ आली, तर ती त्याच्याबरोबर जाते. घरकामासारखंच हे, राबायचं एकीने, खातं दुसऱ्याचं. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, पॉलिसीबरोबरचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण गाडीच्या मालकालाच मिळतं. त्याच्या गाडीच्या चाकामागे तुम्ही असाल तर ते तुम्हाला लागू होत नाही; जादा पैसे भरून वेगळं घ्यावं लागतं.

गाडी तुमच्या नावावर झाली, तरी पॉलिसी आपोआप होत नाही. कलम १५७ नुसार १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करा. अर्ज न करता राहिलात, तर दुसऱ्याच्या नुकसानीचं संरक्षण चालू राहतं, स्वतःच्या गाडीचं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच हे स्पष्ट केलं आहे.

तेव्हा घरी गेल्यावर कपाटातली फाईल काढा. आर.सी. बुक कुणाच्या नावावर, पॉलिसी कुणाच्या नावावर, बोनस किती टक्के, वैयक्तिक अपघात संरक्षण कुणाला, हे चार प्रश्न कागदावर उतरवा. पुढच्या बैठकीला तो कागद आणा, आपण एकत्र बसून वाचू. हिशेब आपल्याला जमतो. महिन्याच्या शेवटी घर आपणच भागवत असतो.