घराची किंमत कशी ठरते?

बँकेत असताना व्हॅल्युएशन रिपोर्ट पुष्कळ वाचले. व्हॅल्युअर आजूबाजूचे ताजे व्यवहार, कार्पेट एरिया, इमारतीचं उरलेलं आयुष्य बघतो. आपल्या महागड्या टाइल्सना तो फारसा भुलत नाही! रेडीरेकनर मुद्रांक शुल्कासाठी, बाजारभाव निराळा. आपल्या उल्हासनगरात मात्र आधी कागद: सनद आहे का, नकाशा मंजूर आहे का? मे २०२१ मध्ये इथं दोन इमारतींचे स्लॅब कोसळले, माणसं गेली. म्हणून स्ट्रक्चरल ऑडिट टाळू नका. आपली इमारत २५ वर्षांची झाली, पण जमीन अजून बिल्डरच्याच नावावर. तो सही देत नसेल, तर डीम्ड कन्व्हेयन्ससाठी ठाण्याला जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. तसा ठराव मी येत्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. अनुमोदनाला कोण उभं राहतंय?