सैनिकाच्या मुलाला प्राक्तन सांगू नका



मनोविकारतज्ज्ञांच्या आपल्या या संघटनेच्या कामाचा आढावा सचिवांनी घेतलाच आहे. मी माझा वेळ एकाच प्रश्नासाठी घेणार आहे. लढाईवरून परतलेल्या सैनिकाच्या शरीरात लढाई कुठे उरते, आणि ती त्याच्या लेकरांपर्यंत पोचते का?

पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘शेल शॉक’चे, म्हणजे लढाईत मनाने हादरलेल्या सैनिकांचे, रुग्ण मांडले, तेव्हा त्या जवानांना भेकड ठरवणारेही कमी नव्हते. पीटीएसडी, म्हणजे आघातोत्तर ताणविकार, हे निदान अमेरिकेच्या अधिकृत वर्गीकरणात यायला १९८० उजाडलं, तेही व्हिएतनामहून परतलेल्यांनी आवाज उठवल्यावर. आता चर्चा एपिजेनेटिक्सची आहे. जनुकाची अक्षरं तीच राहतात. त्यावर बसणाऱ्या मिथाइल गटांसारख्या खुणांमुळे ते जनुक किती वापरलं जाईल हे बदलतं. एफकेबीपी५ हे जनुक आपल्या कामाचं आहे. त्याचं प्रथिन कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाच्या ग्राहीची (रिसेप्टरची) संवेदनशीलता कमी करतं, म्हणजे ताणाची यंत्रणा कधी शांत व्हायची, यात त्याचा हात असतो.

अमेरिकेतल्या पीटीएसडी-संशोधक रेचेल येहुदा यांच्या गटाने २०१३ साली १६ माजी सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांना पीटीएसडी होता, सगळ्यांना एक्स्पोजर थेरपी दिली होती. म्हणजे घडलेला प्रसंग थेरपिस्टसमोर पुन्हा पुन्हा, सविस्तर सांगायचा. जे बरे झाले त्यांच्या एफकेबीपी५वरच्या खुणा उपचारानंतर बदललेल्या दिसल्या. रुग्ण अवघे १६, नमुना रक्ताचा, मेंदूचा नव्हे. त्यामुळे जपूनच बोलायला हवं. तरीही मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. या खुणा कायमच्याच असतात असं धरून चालता येणार नाही, हे तो सांगतो.

गाजावाजा मात्र वारशाचाच जास्त होतो. अमेरिकी यादवी युद्धात अँडरसनव्हिलच्या तुरुंगछावणीत सुमारे ४५ हजार कैदी होते, त्यांतले जवळजवळ १३ हजार मेले. अर्थशास्त्रज्ञ डोरा कोस्टा आणि सहकाऱ्यांनी पेन्शनच्या जुन्या कागदपत्रांवरून अशा युद्धकैद्यांच्या मुलांचा माग काढला. २०१८ च्या त्या अभ्यासात, सर्वांत हलाखीच्या काळात कैदेत असलेल्यांच्या, युद्धानंतर जन्मलेल्या मुलग्यांचं आयुष्य कमी भरलं. मुलींमध्ये तसं दिसलं नाही. पण संशोधकांनी कुणाचंही जनुक तपासलेलं नव्हतं, एपिजेनेटिक कारण हे अनुमान आहे. शिवाय आईचं पोषण चांगलं असेल तर तो परिणाम पुसला जात असावा, असंही त्यातून पुढे आलं. बातम्यांत हा भाग क्वचितच येतो.

आपल्याकडे ‘संचित’ म्हणून हात जोडायला माणसं लगेच तयार होतात. ‘तुझ्या बापाचं युद्ध तुझ्या रक्तात आहे’ असं फौजीच्या पोराला सांगणं हे क्रौर्य आहे, आणि आजच्या पुराव्यावर ते विज्ञानही नाही. बापाची झोप उडालेली, घरात दारू, आईचा जीव टांगणीला, यातूनही मूल घडतं. आणि तिथे आपला हात पोचतो. रक्त तपासून भरती किंवा पेन्शन ठरवण्याची कल्पना कुणी मांडली, तर आपण तिला ठामपणे विरोध केला पाहिजे.

आपल्याच जवानांचं उदाहरण घ्या. पहिल्या महायुद्धात, आजच्या इराकमधल्या कूतच्या वेढ्यात, ब्रिटिश भारतीय सैन्याच्या १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीनंतर त्यांचे जवान कैदेत गेले. त्यांच्या मनाची विचारपूस करणारं तेव्हा कुणी नव्हतं. आज आपण आहोत. माजी सैनिक झोपेची गोळी मागायला येतो, तेव्हा त्याची पोस्टिंग कुठे कुठे होती ते विचारा, त्याच्या पत्नीलाही आत बोलवा, तिचं वेगळं ऐका.

सातारा, सांगली आणि कोल्हापूर या जिल्ह्यांत एक्स्पोजर थेरपीचं प्रशिक्षण या संघटनेने स्वखर्चाने सुरू करावं, असा ठराव मी आज मांडत आहे. त्याला आपण अनुमोदन द्यावं, ही विनंती.